पेटीवरचं नाव

लातूरच्या त्या क्लासमध्ये मला माझ्या नावानं कुणी कधी हाक मारली नाही. मी ‘सर्व्हर मॅडम’ होते. यात अपमान काही नव्हता, कारण तिथे सगळ्यांचंच तसं होतं. केमिस्ट्री, बायो, मॅथ्स हीच माणसांची नावं. “बायोला ताप आलाय, तिचा तास केमिस्ट्रीला घ्यायला सांगा,” असं ऑफिसात कुणी म्हटलं की नवखा पालक गोंधळून इकडेतिकडे बघायचा. क्लास ज्यांचा होता ते स्वतः फिजिक्स शिकवायचे, पण त्यांना फिजिक्स म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते नुसते ‘सर’.

मी मूळची नांदेडची. अर्ध्या मराठवाड्यातली पोरं तेव्हा गादी आणि चिवड्याचा डबा घेऊन लातूरला शिकायला येत होती. मी त्याच एसटीनं आले, पण शिकायला नाही आणि शिकवायलाही नाही. सरांना क्लासचा स्वतःचा मेल सर्व्हर हवा होता, आणि तो मांडून चालवणारं माणूस हवं होतं. तो सर्व्हर आता राहिलेला नाही. क्लासची पत्रं आता कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या मशीनवर असतात, आणि ती कंपनी सरांना ओळखतही नाही. मला मात्र तो घोंगावणारा काळा खोका अजून आठवतो, आणि तो आठवला की आई आठवतात. आई म्हणजे सरांची आई. सगळा क्लास त्यांना आईच म्हणायचा.

त्याआधी माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे मी पुढे का भडकले ते कळेल. आमच्या नांदेडच्या घरात पत्रावर नाव कुणाचंही असो, ते फोडायचे बाबा. बाबा शाळामास्तर, पट्टी कायम हाताशी. पाकिटाच्या कडेत पट्टी सरकवून ते सर्रकन फाडायचे, उभ्यानंच वाचायचे आणि मग ज्याचं त्याला द्यायचे, तेही मजकूर सांगून. “तुझ्या मैत्रिणीला मुलगा झाला,” असं म्हणत त्यांनी पत्र माझ्या हातात ठेवलं की ते शिळं झालेलं असायचं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. घरात येणारी प्रत्येक गोष्ट घरच्या कर्त्याच्या हाताखालून जावी, एवढंच. मी भांडायचे. माझी आई मला गप्प करायची, “तुझ्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?” या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचायचं नाही. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त ते माझं होतं. बाबा आजही माझ्या नावाची पत्रं फोडतात आणि मी आजही भांडते.

सरांना स्वतःच्या सर्व्हरचं खूळ कशामुळे लागलं, तेही सांगते. आधी क्लासचा सगळा कारभार एका फुकटच्या मेलवर चालायचा. एकदा ऐन टेस्ट सिरीजच्या आदल्या दिवशी ते खातं बंद पडलं. क्लासनं सगळ्या पालकांना एकदम मेल पाठवला होता, आणि त्या कंपनीच्या मशीनला त्यात काहीतरी संशयास्पद दिसलं. पेपर त्या खात्यात, वेळापत्रक त्या खात्यात, आणि सर बाहेर. दाद मागायची तर तिकडून मशीनच उत्तर देणार. सरांनी ते मनाला फार लावून घेतलं. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “मॅडम, आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला कामून असावी?” मी म्हटलं, नसावी. नोकरी पक्की झाली.

मेल सर्व्हर म्हणजे पत्रांचं पोस्ट ऑफिस आपल्याच आवारात उघडणं. ऐकायला ऐटदार वाटतं. पण स्वतःचं पोस्ट ऑफिस काढलं की पोस्टमास्तरपासून हमालापर्यंत सगळं आपणच व्हायचं असतं. रस्ता खोदणाऱ्यांनी वायर तोडली की आमची पत्रं बंद. जनरेटरमधलं डिझेल संपलं की बंद. बाहेरच्या मोठ्या कंपन्या आमच्या मेलला दारातच हटकायच्या, लातूरचा हा कोण नवीन? मग निकाल पालकांच्या स्पॅमच्या अडगळीत जाऊन पडायचे आणि नायगावहून एखाद्या बापाचा फोन यायचा, “मॅडम, पोरगं नापास झालं म्हणूनच कळवलं न्हाई का?” मी त्या कंपन्यांना विनवण्यांचे मेल धाडायचे, आमच्या क्लासची चालचलणूक चांगली आहे असं पटवायचे. मुलीचं लग्न जमवतानाही माणूस इतकं वाकत नसेल.

सर्व्हर ठेवायला जागा नव्हती. क्लासची इमारत तीन मजली, पण जिन्याखालच्या कोपऱ्यातसुद्धा बाकं. शेवटी मागच्या आवारातली पत्र्याची खोली निघाली. ती आईंची. भूकंपानंतर आईंनी स्लॅबखाली झोपणं सोडलं होतं. मुलानं तीन मजले बांधले तरी त्यांनी एक दिवसही त्यात पाठ टेकली नाही. त्यांच्यासाठी मागं पत्र्याची खोली केली, आणि तिथेच त्यांच्या खाटेच्या समोर माझा सर्व्हर आला. त्याच्यासाठी पत्र्याखाली थर्माकोलचं छत ठोकलं आणि एसी लावला. भर मे महिन्यात आई वाकळ पांघरून बसायच्या आणि म्हणायच्या, “माझ्यासाठी पंखा घ्यायला ह्यानं दोन साल लावले, आन् ह्या डब्ब्याला आल्याआल्या थंड हवा.”

पण पहिले काही दिवस वेगळेच गेले. सर्व्हर चालू झाला की खालच्या पट्टीत घूं असा आवाज धरायचा. त्या आवाजानं आई खाट ओढून अंगणात गेल्या. मला कळेना. मग सरांनीच सांगितलं, की भूकंपाच्या आधी कितीतरी महिने त्यांच्या गावात जमिनीतून असाच आवाज यायचा. लोकांना सवय झाली होती. मला इतकं वाईट वाटलं की मी सर्व्हर हलवायची तयारी सुरू केली. पण हलवायला जागा नव्हती, आणि एक दिवस आईच खाट घेऊन आत आल्या. “ह्यो एकसारखा वाजतो,” त्या म्हणाल्या. “त्यो आवाज थांबून थांबून यायचा. ह्यो वाजतोय तवर समदं ठीक हाय.” पुढे तर त्याच माझ्या पहारेकरी झाल्या. वीज गेली आणि इन्व्हर्टरनं दगा दिला की मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. मी अंगणात चहा पीत असले की आतून हाक यायची, “पोरी, तुझा खोका गप झाला गं.” मी कप टाकून धावायचे.

खोका हा शब्द त्यांचाच. मग आम्ही सगळ्यालाच खोका म्हणायला लागलो. सर्व्हर खोका, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या मेलपेटीलाही खोका. या मेलपेट्यांची नावं सरांनी ठरवली होती आणि ती माणसांची नव्हती. केमिस्ट्रीची एक, बायोची एक, मॅथ्सची एक. “शिक्षक येतात, जातात,” सर म्हणाले, “विषय राहतो.” लातुरात ते खरंच होतं. आज या क्लासमध्ये शिकवणारा माणूस पुढच्या जूनमध्ये समोरच्या क्लासच्या बोर्डावर हसत असायचा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. माणसांनाच विषय म्हणत होतो, तर पेट्यांना का नको?

त्यातले केमिस्ट्री सर म्हणजे क्लासच्या पहिल्या दिवसापासूनचे. भूकंपानंतर सरांनी शाळेतली नोकरी सोडली आणि पत्र्याच्या शेडमध्ये क्लास सुरू केला, तेव्हा एका फळ्याच्या दोन अर्ध्या भागांवर दोघं शिकवायचे. डावीकडे फिजिक्स, उजवीकडे केमिस्ट्री. माणूस अर्धापूरकडचा. बायको, मुलगी, म्हातारे आईवडील सगळे तिकडे, आणि हे लातुरात एका खोलीत. गावाहून येताना दरवेळी केळ्यांची फणी आणायचे आणि ती आईंच्या खोलीत ठेवायचे. एसीच्या गारठ्यानं केळी काळी पडायची. मी कितीदा सांगितलं की केळी बाहेर ठेवा. “आईंना हाताशी राहू द्या,” म्हणायचे. आईही काळी साल सोलून खायच्या आणि म्हणायच्या, “आतून ग्वाड हाय.”

केमिस्ट्रीचा खोका हा या माणसाचा आयुष्यातला पहिला मेलचा पत्ता. त्यांनी तो सगळ्यांना दिला. मुलीच्या शाळेला, बँकेला, अर्धापूरच्या सायबर कॅफेतून बायको मेल करायची तर तिलाही. माझ्याकडून टाईप करायला शिकले ते तिला उत्तर देण्यासाठीच. दुपारी दोन तासांच्या मधे येऊन माझ्या शेजारच्या मशीनवर एका बोटानं टाईप करत बसायचे. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बसायचे.

तशी पाठ फिरवून काही उपयोग नव्हता, खरं तर. सर्व्हर माझ्या हातात होता. ठरवलं असतं तर कुणाचाही खोका उघडता आला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. चालवणाऱ्याला हे करता येतं, ही गोष्ट त्या क्लासमध्ये माझ्याशिवाय कुणाच्या नीटशी लक्षात आलेली नव्हती. मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. पाकीट बघायचं, पत्र नाही. कुणाकडून आलं, कुणाकडे चाललं, कुठे अडकलं, एवढंच. बाबांच्या पट्टीचा आवाज माझ्या कानात होता, त्यामुळे ही शिस्त मला जड गेली नाही.

आता पेटीबद्दल. आईंच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी होती. तिला मोठं कुलूप, आणि किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून आईंच्या गळ्यात. पेटीवर पांढऱ्या रंगानं सरांच्या वडिलांचं नाव घातलेलं. एकदा सर्व्हरच्या वायरी ओढताना मला ती पेटी सरकवायची होती. मी आईंना विचारलं, सरकवू का? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “विचारलंस,” म्हणाल्या. मग वायरी ओढून होईपर्यंत त्या बोलत होत्या, आणि मी ऐकत होते.

ती पेटी त्यांच्या माहेरून आली होती. पण त्यांच्या गावाकडे पेटीवर नाव घालायची रीत होती, आणि नाव घरच्या पुरुषाचंच. बाईसोबत आलेल्या पेटीवरसुद्धा सासरी आल्यावर नवऱ्याचं नाव चढायचं. भूकंपात त्यांचा नवरा गेला. त्या स्वतः अंगणात झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. सर त्या वेळी लातुरात नोकरीला, म्हणून तेही वाचले. ढिगाऱ्यातून निघालेल्या पेट्या एका शेतात ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. कारकून पेटीवरचं नाव वाचायचा आणि त्या नावाचा वारस पुढे यायचा. सर पुढे झाले. पेटीवर बापाचं नाव, बाप राहिला नाही, हा मुलगा. त्यात कुणाला काय शंका असणार? कारकून कागद मागत होता, रेशनकार्ड, सातबारा, काहीही. किल्ली ढिगाऱ्यात गेलेली. सरांनी दगड उचलला आणि कुलूप तोडलं. कागद हाती लागेना, म्हणून एकेक वस्तू काढून बाहेर मांडली. भोवती गावातली उरलेली माणसं होती, मदतीला आलेले परगावचे लोक होते, फोटो काढणारेही होते. आई हाताला फळी बांधलेल्या, तिथेच बाजूला उभ्या.

“समदं भाईर काढलं,” आई म्हणाल्या. “लेकरू कागद हुडकत हुतं. त्याचं काय चुकलं? नाव त्याच्या बापाचं हुतं.” मग त्यांनी वाकळीचा निघालेला टाका दाबून बसवला. “पर पेटी माझी हुती.”

पेटीत काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला त्यांची अशी माया दाटून आली की मी वायर उगाचच पुन्हा एकदा काढून लावली. सरांना त्या एका शब्दानं कधी बोलल्या नव्हत्या. पुढे आईंनी नवीन कुलूप आणलं आणि किल्ली गळ्यात घातली, आणि मुलानं त्या पेटीकडे पुन्हा कधी मान वळवून बघितलं नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या तेव्हा क्लासमध्ये कुजबूज सुरू झाली. केमिस्ट्री सर नांदेडला स्वतःचा क्लास काढतायत. बोर्ड रंगवायला टाकलाय. बायोला बरोबर नेणार आहेत, हुशार पोरंही फोडणार आहेत. लातुरात असल्या अफवांवरच चहाच्या टपऱ्या चालायच्या. पण या वेळी सरांचं तोंड उतरलं. बाकी कुणीही गेलं असतं तरी त्यांनी दोन शिव्या हासडून दुसरा माणूस आणला असता. हा फळ्याच्या उजव्या अर्ध्यावरचा माणूस होता.

एका दुपारी ते माझ्याकडे आले. आई तेव्हा वरच्या मजल्यावर नळाला पाणी आलंय का बघायला गेल्या होत्या. सर म्हणाले, “केमिस्ट्रीचा खोका उघडून द्या.”

मी म्हटलं, “सरळ त्यांनाच विचारा ना.”

“विचारल्यावर कुणी खरं सांगतं का?”

“मग वाचल्यावर तुम्ही त्यांना काय सांगणार आहात?”

सरांचा आवाज चढला. आवाज चढला की ते त्यांच्या गावाच्या भाषेत जायचे. “मशीन माझं. जागा माझी. पत्ता इषयाचा. केमिस्ट्री काय त्याच्या बापाची हाय?”

मी म्हटलं की विषय तुमचा आहे, पण त्या खोक्यात त्यांच्या बायकोचं बोलणं आहे, मुलीचं आहे. “मग घरचं बोलायला दुसरा खोका काढायचा हुता,” सर म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. क्लासचा पत्ता क्लासच्या कामासाठी, असा नियम असता तर प्रश्नच नव्हता. पण तसं कुणी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं, म्हणून माणसानं त्या पेटीत आपलं सगळं ठेवलं होतं.

“मला उघडता येतं,” मी म्हटलं, “पण मी उघडणार नाही.”

सर अगदी शांतपणे म्हणाले, “उद्या दुपारच्या तासानंतर मी येतो. तोवर विचार करा. जमत नसेल तर मी दुसरं माणूस बघतो.”

मी विचार काय करणार? नोकरी गेली तर नांदेडला परत जायचं, आणि बाबा माझ्या नावाची पत्रं फोडून मला देणार, तीच पट्टी घेऊन. एवढ्या मोठ्या प्रश्नात मला तेच आधी दिसलं, याचं हसूही आलं. पण खरी भीती वेगळीच होती. सर दुसरं माणूस आणतील, ते माणूस खोका उघडून देईल, आणि सर वाचतील. वाचल्यावर त्या दोघांत जे काही होतं ते संपणार. बातमी खरी निघाली तरी आणि खोटी निघाली तरी. मला त्या दोघांचा लोभ होता. मला ते होऊ द्यायचं नव्हतं आणि ते कसं थांबवायचं हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा डबा, माझा स्वेटर आणि टेबलावरचा पेनस्टँड पिशवीत भरून तयार बसले. आई खाटेवर सुपात तूर घेऊन खडे निवडत होत्या. सर आले. माझ्याशी न बोलता शेजारच्या मशीनपुढे, केमिस्ट्री सर नेहमी बसायचे त्याच खुर्चीत बसले. पडद्यावर पासवर्ड विचारला जात होता. ते माझ्याकडे बघत होते, मी सर्व्हरच्या हिरव्या दिव्याकडे.

“काय करायलास रं?” आईंनी विचारलं.

“केमिस्ट्रीची पत्रं बघायचीत.”

“त्याची? त्यो कुठंय?”

“तासावर.” सर वळले नाहीत. “त्याची म्हंजी तशी त्याची न्हाईत, आई. क्लासची हायत. खोक्यावर त्याचं नावसुदीक न्हाई. इषयाचं हाय, म्हंजी माझंच की.”

आईंनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मान वर न करता म्हणाल्या, “पेटीवर बी नाव तुझ्या बापाचंच हुतं.”

सरांची बोटं कीबोर्डवर होती ती तिथेच राहिली. मला वाटलं, आता आई पुढे काहीतरी बोलतील, इतक्या वर्षांचं सगळं. त्या तूर निवडत राहिल्या. सरांनी हात मागे घेतले आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, बाकावर बसलेल्या पोरासारखे. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं, आणि तरी मला दिसलं. त्यांचे डोळे भरले होते.

“मॅडम, राहू द्या,” ते म्हणाले आणि उठून गेले. मी पिशवीतून पेनस्टँड काढून पुन्हा टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या शिक्षकांना ऑफिसात बोलावलं. मलाही. सर वर्गात तोफेसारखे बोलायचे, त्या दिवशी अडखळत होते. म्हणाले, “हे विषयांच्या नावाचे खोके क्लासचे आहेत. क्लास ते कधीही उघडू शकतो. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. तुमचं घरचं जे काही त्यात असेल ते या आठवड्यात काढून घ्या. तोवर कुणी उघडणार नाही. ज्याला पाहिजे त्याला मॅडम त्याच्या स्वतःच्या नावाचा खोका देतील. तो मी उघडणार नाही.”

नंतर मी त्यांना एकटं गाठून सांगितलं, की मशीन आपल्या हातात आहे तोवर ठरवलं तर आपण कुठलाही खोका उघडू शकतो, नावाचासुद्धा. आपल्याला अडवेल असं कुठलंही तंत्र नाही.

“मग?” सरांनी विचारलं.

“मग ठरवायचं नाही.”

त्यांनी मान हलवली. “हाव,” म्हणाले, “तेवढंच हाय आपल्या हातात.”

केमिस्ट्री सर आले ते सगळ्यांच्या शेवटी. मी त्यांना त्यांच्या नावाचा खोका उघडून दिला आणि आधीची पत्रं तिकडे कशी न्यायची ते दाखवलं. मग मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. एका बोटाचा टकटक आवाज बराच वेळ येत राहिला, मग थांबला.

“मॅडम, सरांनी वाचलं का?”

“नाही.”

“वाचता आलं असतं?”

“हो. तुमच्या खुर्चीत येऊन बसलेही होते.”

मी वळले तेव्हा ते दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. मग उठले, आईंच्या पाया पडले, तेही काही सण नसताना, आणि थेट जिना चढून वर गेले. वरच्या ऑफिसचं दार लागल्याचा आवाज आला. पुढची बॅच येऊन बाकांवर बसली, पोरं गोंगाट करायला लागली, तरी ते दार बंदच होतं.

बातमी खरी होती. नांदेडला क्लास निघणार होता. बोर्ड मात्र रंगवायला टाकला नव्हता, आणि बायो कुठेच जाणार नव्हती. केमिस्ट्री सरांचं म्हणणं एवढंच होतं की अर्धापूरहून नांदेड जवळ पडतं आणि मुलगी आता त्यांना पाहुणा समजते. परीक्षा होईपर्यंत ते शिकवणार होते आणि लातूरचं एकही पोर नेणार नव्हते. बोललेलं त्यांनी पुढे पाळलंही. पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला दिसले ते जिना उतरून येणारे सर.

ते खोलीत आले आणि आईंच्या खाटेजवळ जमिनीवरच बसले. सरांना जमिनीवर बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी उठायला लागले तर त्यांनी हातानंच बसा म्हणून खुणावलं.

“त्यो चाललाय, आई,” ते म्हणाले.

“कुणी सांगितलं?”

“त्यानंच. येऊन सांगितलं. रडला बी.”

“आन् तू?”

आईंनी सरांच्या डोक्यावरून हात फिरवला, केस विस्कटून पुन्हा बसवले. मग त्याच हातानं गळ्यातला काळा दोरा डोक्यावरून काढला. किल्ली त्यांच्या तळव्यात होती. त्यांनी पायानं पेटी खाटेखालून पुढे ढकलली.

“उघड,” म्हणाल्या.

सर मागे सरकले. “नगं, आई. म्या बघितलंय त्यातलं समदं.”

“तवा तू बघितलंस,” आई म्हणाल्या. “म्या दावलं न्हवतं. ये, आज दावते.”

मी उठले. या वेळी मला कुणी थांबवलं नाही. बाहेर येऊन मी दार ओढून घेतलं आणि पायरीवर बसले. आतून कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग आईंचा हलका आवाज, एकेक वस्तू दाखवताना माणूस बोलतं तसा, थांबून थांबून. शब्द ऐकू येत नव्हते. मी पायरीच्या अगदी खालच्या टोकाला सरकले, म्हणजे येऊही नयेत.

तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर त्या आठवड्यात बिघडलेलाच होता. खोलीतली घरघर उतरत गेली आणि थांबली. सर्व्हर बंद म्हणजे क्लासचा सगळा पत्रव्यवहार बंद, आणि एरवी मी एव्हाना जनरेटरकडे धावले असते. मी कान देऊन हाकेची वाट बघितली. आतून कुणीही मला सांगितलं नाही की माझा खोका गप झालाय. मी पायरीवरच बसून राहिले, दार आतून उघडेपर्यंत.